सहल घरच्यांची, हौस कॅमेऱ्याची

या वेळच्या पत्रांत सहलीच्या फोटोंबद्दलचे प्रश्न सगळ्यांत जास्त आहेत. कोणाकडे चांगला कॅमेरा आहे, कोणाकडे फक्त मोबाइल. तक्रारी मात्र सारख्याच. लोक उपकरणावर पैसे घालतात आणि उजेडाची वेळ पाळत नाहीत, हे जवळजवळ प्रत्येक पत्रात दिसतं. म्हणून खालच्या उत्तरांत घड्याळाचा उल्लेख वारंवार येईल आणि दुकानाचा क्वचितच.

मे महिन्यात पाहुणे आले की पन्हाळा ठरलेला. सगळं आवरून निघेपर्यंत अकरा वाजतात. फोटोत सगळ्यांचे डोळे काळे आणि कपाळ-नाक पांढरं फटक येतं. फोन चांगला महागातला आहे, तरी असं का?
*गृहिणी, शिवाजी पेठ*

फोनचा दोष नाही, सूर्य डोक्यावर असतो. कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास इथे सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच मावते. पुढचे काही आठवडेही फार फरक पडत नाही. वरून सरळ येणारं ऊन कपाळ आणि नाकावर पडतं, भुवयांची सावली डोळ्यांवर. फोन दोन्हीचा मध्य काढायला जातो आणि दोन्ही बिघडतं.

उपाय दोन. पहिला, दिवसाची उलटी मांडणी करा. मे महिन्यात इथे सूर्योदय सहाच्या आसपास आणि सूर्यास्त सातच्या थोडा आधी होतो. साडेआठपर्यंतचा आणि पाचनंतरचा उजेड चेहऱ्याला चांगला. घरातून सहाला निघा. सज्जा कोठी गडाच्या पूर्वेच्या कडेला आहे, ती आधी घ्या. मग झुणका-भाकर, भरउन्हात अंबरखान्यासारख्या आतल्या जागा, आणि पश्चिमेच्या बाजूचा तीन दरवाजा पाचनंतर.

दुसरा उपाय, उशीर झालाच तर. माणसांना कमानीत किंवा पडवीत, सावलीच्या रेषेपासून दोन-तीन फूट आत उभं करा, तोंड बाहेर उजेडाकडे. फोटो काढणारा उन्हात. बाहेरच्या जमिनीवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर खालून येतो आणि डोळे उघडतात. मागची कमान आपोआप गडद राहते. झाडाखाली मात्र सावध राहा. पानांतून पडणारे उन्हाचे ठिपके गालावर आले की तो फोटो नंतर कशानेच सुधारत नाही. बसलेल्या माणसाच्या मांडीवर पांढरा टॉवेल पसरला तरी हनुवटीखालची सावली बरीच हलकी होते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश दुपारीही उपयोगी पडतो, पण चार-पाच फुटांच्या आतच: आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १००, शटर १/२०० सेकंद, एफ (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान) ११, आणि फ्लॅश एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा. फोनचा दिवा भरउन्हात काही कामाचा नाही.

खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात वरचा गोल नीट आला की खांब काळेठिक्कर येतात, आणि खांब दिसले की आभाळ पांढरं होतं. दोन्ही एकत्र कसं टिपावं?
*बँक कर्मचारी, इचलकरंजी*

हा प्रश्न आला याचा आम्हाला फार आनंद झाला. कोल्हापुरापासून साधारण ६० किलोमीटरवर असलेल्या या मंदिरासारखी उजेडाची शाळा आपल्या भागात दुसरी नाही.

आधी अडचण समजून घ्या. छताच्या मधोमध उघडा गोल, त्यातून दिसणारं लख्ख आभाळ, आणि खाली काळा कातळ. उजेडातला एवढा फरक एका फोटोत मावत नाही. फोन असेल तर एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र जोडणारी सोय) चालू ठेवा, बोट गोलाच्या कडेवर दाबून धरून फोकस आणि एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक करा आणि उजेड किंचित खाली ओढा. कॅमेरा असेल तर एकाच जागेवरून तीन फोटो: एक कॅमेऱ्याच्या मोजमापाप्रमाणे, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त. एफ ८, आयएसओ २००, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ‘सूर्यप्रकाश’वर पक्का. तो ऑटोवर राहिला तर तिन्ही फोटोंत दगडाचा रंग वेगळा येतो आणि जोडताना सांधा दिसतो. हे संरक्षित स्मारक आहे. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. त्याऐवजी जमिनीवर बसा, कॅमेरा घडी केलेल्या पिशवीवर ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. कोरीव खांबांना टेकून किंवा त्यांवर कॅमेरा ठेवून काम करू नका.

काळ्या दगडाची आणखी एक खोड आहे. कॅमेऱ्याचं मोजमाप समोरच्या वस्तूला मध्यम करडी धरतं, म्हणून कातळाने फ्रेम भरली की तो राखाडी, पावडर लावल्यासारखा येतो. एक्सपोजर २/३ ते १ स्टॉप कमी केलं की दगड पुन्हा काळा आणि वजनदार दिसतो.

आता वेळ. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर वर असतो, त्यामुळे उन्हाचा गोल सरळ खाली रंगशिळेवर, म्हणजे मंडपाच्या मधल्या गोल शिळेवर, उतरतो. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे जेमतेम ५० अंशांवर असतो, म्हणून तोच गोल उत्तरेच्या खांबांकडे सरकतो. माणसाला उन्हाच्या गोलात उभं करू नका; गोलाच्या कडेबाहेर एक पाऊल, तोंड गोलाकडे. फरशीवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर इतका मऊ येतो की फ्लॅशची आठवण होत नाही. खांब आणि आभाळ दोन्ही हवं असेल तर सकाळी आठ-नऊ किंवा हिवाळ्यात साडेचारनंतरची वेळ धरा, तेव्हा दोहोंतला फरक कमी असतो.

बाहेरच्या भिंतींवरचं शिल्पकाम आणि खालचे हत्ती यांना तिरपं ऊन लागतं, तरच खोली कळते. मंदिर पूर्वाभिमुख आहे. हिवाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला सकाळ-संध्याकाळ असं तिरपं ऊन मिळतं. उत्तरेची भिंत वर्षाचा बराच काळ सावलीत असते, तिच्यासमोर घरच्यांचे फोटो काढा.

घरच्यांसाठी एक युक्ती. फोन जमिनीवर उताणा ठेवा, पुढचा कॅमेरा वर, टायमर दहा सेकंद. सगळे भोवती कडं करून खाली वाकून बघा. चेहऱ्यांचं वर्तुळ आणि त्यामागे छताचा गोल एका फोटोत येतो. टायमर सुरू करताना बोट चेहऱ्यावर दाबलं तर माणसं दिसतील, आभाळावर दाबलं तर माणसांच्या काळ्या आकृत्या येतील. आम्हाला दुसरा प्रकार जास्त आवडतो.

कार्तिक पौर्णिमेला गोलातून दिसणाऱ्या चंद्रासाठी जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की पूर्ण चंद्र म्हणजे उन्हात असलेला दगड. त्याला आयएसओ १००, एफ ११, १/१२५ एवढंच पुरतं, आणि त्यात मंडप पूर्ण काळा येतो. चंद्राचा एक आणि मंडपाचा एक, असे दोन फोटो वेगळेच घ्यावे लागतात.

१८-५५ ची लेन्स आहे. आता ७०-३०० घेऊ की ५० ची एफ १.८?
*महाविद्यालयीन विद्यार्थी, कागल*

आधी गेल्या वर्षातले आवडते शंभर फोटो काढा आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंग्थ (लेन्सचा मिलिमीटरमधला आकडा; मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं) बघा. बहुतेक १८ ते ३५ मध्ये असतील तर लांबच्या लेन्सवर खर्च कशाला? ५० ची लेन्स एका माणसाच्या फोटोला सुंदर, पण छोट्या सेन्सरच्या (उजेड टिपणाऱ्या भागाच्या) कॅमेऱ्यावर आठ माणसांची चार मीटरची रांग बसवायला तुम्हाला अठ्ठावीस फूट मागे जावं लागतं. ३५ ला वीस फूट पुरतात, म्हणून घरच्या सहलीला ३५. दाजीपूरला गवे बघायला वारंवार जात असाल, तर मात्र ३०० शिवाय भागत नाही.

जोतिबाच्या यात्रेत खोबरं-गुलालाची उधळण टिपायची आहे. गेल्या खेपेला गुलाल कॅमेऱ्यात गेला, आणि फोटोत नुसता गुलाबी थर दिसतो.
*शेतकरी, वडणगे*

दोन वेगळे प्रश्न आहेत. गुलालाची भुकटी अतिशय बारीक असते. झूम लेन्स आत-बाहेर करताना हवा ओढते आणि तिच्याबरोबर भुकटीही. म्हणून डोंगरावर जाण्याआधी घरीच लेन्स लावा आणि यात्रा संपेपर्यंत बदलू नका. पुढे साधा यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सवर बसवायची पारदर्शक काच. कॅमेऱ्यावर पारदर्शक पिशवी चढवा, पुढच्या बाजूला फिल्टरच्या कडेवर रबरबँड. फोनचं चार्जिंगचं भोक चिकटपट्टीने बंद करा.

परतल्यावर कापडाने पुसायची घाई नको. कोरडा गुलाल कापडाने घासला तर काचेवर चरे पडतात, ओला केला तर फटींत रंग उतरतो. आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), कॅमेऱ्याचं तोंड खाली करून. मग मऊ ब्रश. काही उरलं नाही असं दिसल्यावरच लेन्सचं द्रावण आणि कापड. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण बसतात.

गुलाबी थराचं कारण असं की भडक लाल-गुलाबी रंगात सेन्सरचा लाल भाग आधी भरतो आणि तपशील पुसला जातो. सरासरी हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बरोबर दिसतो, म्हणून फसायला होतं. लाल, हिरवा, निळा वेगळा दाखवणारा हिस्टोग्राम लावा आणि एक्सपोजर २/३ स्टॉप कमी ठेवा. फोनमध्ये रंग गडद करणारी सोय बंद करा. उधळणीला शटर १/१००० च्या आसपास, आणि ऊन उधळणीच्या मागून येईल अशा बाजूला उभे राहा. मागून ऊन आलं की गुलालाचा ढग पेटल्यासारखा दिसतो. सासनकाठ्या उंच असतात, त्यांच्यासाठी फ्रेम उभी धरा आणि खाली बसा.

पावसाळ्यात राऊतवाडी, बर्की, आंबोली असं फिरणं होतं. गाडीतून उतरलं की लेन्सवर धुकं चढतं. शिवाय आता लेन्सच्या आत जाळी दिसते. तांदळात ठेवली होती, फरक नाही.
*शिक्षक, राधानगरी*

धुकं चढतं ते गाडीच्या एसीमुळे. थंड झालेल्या काचेवर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी बसतं. पोचायच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद करून काचा उघडा, किंवा कॅमेरा बंद पिशवीत ठेवून बाहेरच्या हवेला येऊ द्या. धुकं पुसत बसू नका, काच गरम होईपर्यंत ते पुन्हा चढतं. खिशात सुती रुमाल तीन-चार असू द्या.

धबधब्याची दुधाळ धार हवी असेल तर ढगाळ उजेडात आयएसओ १००, एफ ११, शटर १/४ सेकंद. लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावला की एवढं शटर सहज मिळतं आणि ओल्या पानांवरची चकाकीही जाते. एक सेकंदाच्या पुढे गेलात तर पाण्याचा आकार हरवून पांढरा पट्टा उरतो. मुलांना धारेत किंवा शेवाळलेल्या दगडावर उभं करून फोटो नको. वर डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी अचानक वाढतं.

आतली जाळी म्हणजे बुरशी. लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर खात्री झाली. थोड्या बुरशीने फोटोत लगेच फरक दिसत नाही, पण ती काचेवरचा लेप खाते, म्हणून लवकर दुरुस्तीवाल्याकडे द्या आणि तोवर इतर लेन्सपासून वेगळी ठेवा. तांदळाचा उपयोग नाही. उलट त्याची पिठी आत जाते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात २०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ६० च्या वर बुरशीला मोकळं रान, ३० च्या खाली रबर आणि वंगण सुकतं. निळं जेल टाळा, त्यातलं कोबाल्ट क्लोराइड विषारी असतं. नारिंगी घ्या, ते हिरवं पडलं की बदला. चामड्याची केस ओल धरून ठेवते, पावसाळ्यात तिच्यात काही ठेवू नका. आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून खरंच वापरा.

आमचे अहो प्रत्येक वळणावर गाडी थांबवतात. पोरं कंटाळतात, सासूबाईंचे पाय दुखतात. घरी येऊन बघावं तर डोंगरांचे दोनशे फोटो, आमचा एकही धड नाही. त्यांना काहीतरी सांगा.
*एक वाचक, राजारामपुरी*

ताई, हे त्यांनाही वाचायला द्या. हौस चांगली आहे, तिला तिची वेळ द्यावी. मुक्कामाच्या ठिकाणी घरचे उठायच्या आधीचा तास पूर्ण त्यांचा. तेव्हा उजेडही उत्तम असतो आणि कोणी वाट बघत नसतं. दिवसभर मात्र एक लेन्स, आणि एका ठिकाणी दहा मिनिटं.

त्या दहा मिनिटांत तीन प्रकारचे फोटो पुरतात: जागेचा एक रुंद, जागेसह माणसांचा एक, आणि एक जवळचा, म्हणजे सासूबाईंच्या हातातलं कणीस किंवा पोरांचे चिखलाचे पाय. मधला प्रकार सगळ्यांचा चुकतो. माणसांना तटबंदीच्या पायथ्याशी पाठवलं की ती ठिपक्याएवढी दिसतात. माणसं कॅमेऱ्यापासून सहा ते दहा फुटांवर आणि तटबंदी त्यांच्या बरीच मागे, असं हवं. सासूबाईंना सावलीत आरामात बसवा आणि बाकीच्यांना त्यांच्याभोवती बोलवा; फोटोसाठी त्यांना पायऱ्या चढायला लावू नका. पोरांसाठी गुडघ्यावर बसून त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर या, शटर १/५०० किंवा जास्त. त्यांना ‘स्माइल’ म्हणायला सांगण्यापेक्षा काहीतरी करायला द्या.

गटाचे फोटो किती घ्यावेत? वीसपर्यंत माणसं आणि चांगला उजेड असेल तर संख्येला तीनने भागा. बारा जणांचे चार. उजेड कमी असेल तर दोनने भागा. एवढ्यांत एक तरी फोटो सगळ्यांचे डोळे उघडे असलेला मिळण्याची चांगली शक्यता असते. दोन रांगा असतील तर एफ ८, फोकस पुढच्या रांगेतल्या चेहऱ्यावर. रंकाळ्याच्या चौपाटीवर मावळता सूर्य मागे ठेवून चेहरे हवे असतील तर फ्लॅश लावावाच लागतो. तो नसेल तर सूर्य मावळल्यानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबा, आभाळाचा रंग उरतो आणि चेहरेही उजळ येतात. आणि त्यांनी एकदा तरी टायमर लावून स्वतः फोटोत यावं. नाहीतर पुढच्या पिढीला त्या सहलीत आजोबा होते की नव्हते, हेच कळायचं नाही.

गुऱ्हाळघरात पोरांना घेऊन जातो. वाफेमुळे फोटो धुरकट येतात.
*अभियंता, शिरोली*

वाफेवर समोरून फ्लॅश मारला की पांढरी भिंत तयार होते. फ्लॅश बंद करा आणि काहील तुमच्या व दाराच्या मध्ये येईल असे उभे राहा. मागून उजेड आला की वाफेच्या वळ्या वेगवेगळ्या दिसतात. व्हाइट बॅलन्स ‘सूर्यप्रकाश’वर ठेवा, म्हणजे चुलवाणाचा नारिंगी रंग टिकतो. रस ओतताना शटर १/२५०. मुलं काहिलीपासून दहा फूट लांब हवीत. गूळ होत आलेला पाक उकळत्या पाण्यापेक्षा बराच तापलेला असतो आणि कातडीला चिकटतो.

वडिलांनी काढलेले १९८० च्या दशकातल्या सहलींचे रंगीत फोटो लालसर पडलेत, आणि चिकट पानांच्या अल्बमला घट्ट बसलेत. वाचवता येतील का?
*निवृत्त कर्मचारी, गडहिंग्लज*

येतील, पण यंदाच करा. त्या काळच्या अनेक रंगीत कागदांवर सायन (हिरवट निळा) रंग सगळ्यांत आधी उडतो. तो गेला की लाल-पिवळा उरतो. अंधारात ठेवले तरी हे थांबत नाही.

पहिलं काम निगेटिव्ह शोधणं. स्टुडिओच्या जुन्या पाकिटांत तपकिरी पट्ट्या असतील, तर त्यांचंच स्कॅनिंग करून घ्या. प्रिंटपेक्षा त्यांत तपशील जास्त असतो. निगेटिव्ह नसतील तर प्रिंट ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. साडेतीन बाय पाच इंची फोटोतून २१०० × ३००० पिक्सेल मिळतात. स्कॅनरची आपोआप रंग सुधारायची सोय बंद ठेवा. रंग नंतर संगणकावर सुधारा, पांढरा सदरा किंवा चुन्याची भिंत पांढरी होईल तिथपर्यंत. मूळ स्कॅन तसंच वेगळं जपा.

फोटो ओढून काढू नका, कोपरा दुमडला की वरचा थर फाटतो. दात साफ करायचा फ्लॉस, विनामेणाचा, फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवत न्या. तरीही सुटत नसेल तर वरचा प्लास्टिकचा पडदा उचलून आख्खं पान स्कॅन करा. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका. दाब पुढे उमटतो. त्या कागदाची पाठ प्लास्टिकसारखी असल्याने पेन्सिलही धरत नाही. नावं आणि गाव कागदी पाकिटावर लिहा आणि फोटो त्यात ठेवा. वडील सांगू शकत असतील तर प्रत्येक फोटोत कोण आहे, ते आत्ताच विचारून घ्या.

लॅबमधून प्रिंट आणले तर कडेच्या लोकांची डोकी कापलेली, आणि मोठा फोटो फिसकटलेला. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवला होता.
*दुकानदार, लक्ष्मीपुरी*

व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो साधारण १६०० पिक्सेल लांबीचा करतं. १२ बाय १८ ला तो इंचाला नव्वद पिक्सेलच पुरवतो, म्हणून फिसकटतो. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर न्या. १२ मेगापिक्सेलचा मूळ फोटो ३००० × ४००० चा असतो आणि १२ बाय १८ ला, इंचाला २०० पिक्सेलच्या हिशोबाने, आरामात पुरतो.

डोकी कापली जातात कारण फोनचा फोटो ४:३ आणि ४ बाय ६ चा कागद ३:२. आडव्या फोटोची वरची-खालची मिळून एक नवमांश उंची जाते. फोटो काढतानाच डोक्यावर थोडी जागा ठेवा. जुन्या फोटोंसाठी लॅबला ‘पूर्ण फोटो, पांढऱ्या कडा सोडून’ असं पाकिटावर लिहून द्या, आणि शंभर प्रिंट टाकण्याआधी एक काढून बघा.